मान डोलावणारी बाहुली

तंजावूरच्या राजवाड्याकडे जाताना बाहुल्यांची दुकानं लागतात. त्यांत दोन जाती. एक राजा-राणीची. खाली गोल बुड, बुडात वजन. कितीही ढकला, लवंडते आणि पुन्हा ताठ उभी राहते. दुसरी नाचणारी बाई. तिला तमिळमध्ये तलैयाट्टी बोम्मै म्हणतात, मान डोलावणारी बाहुली. घागरा, धड आणि डोकं वेगवेगळं बनवून तारेच्या टोकांवर एकावर एक टेकवलेलं असतं. नुसता पंखा लावला तरी कंबर एका लयीत डोलते आणि मान दुसऱ्या.

मी जन्माने इथलीच. आमचं घर मेलवीदीत, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. तंजावरी मराठी माणसाला इथे रायर म्हणतात. आमच्याकडे नवरात्रात देवीही बसते आणि पायऱ्या लावून बाहुल्यांचा कोलूही मांडला जातो. सगळ्यात खालच्या पायरीवर ही नाचणारी बाई असायची, कारण तिला बोटाने हलवायचा मान घरातल्या सगळ्यात लहान पोराचा. पुढे मी डॉक्टर झाले, पुण्याला गेले (तिथे पहिली दोन वर्षं माझ्या मराठीच्या हेलाला लोक हसत), आणि लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय वाचण्यात तीसेक वर्षं गेली. आता निवृत्त होऊन भावाकडे आले आहे.

परवा एक बाहुली विकत घेतली. दुकानदाराने विचारलं, ‘‘नातवाला का, अम्मा?’’ मी म्हटलं, दवाखान्याला. तो बघतच राहिला.

गोष्ट खरी आहे. आमच्या विभागात एमआरआयच्या खोलीबाहेरच्या टेबलावर मी नेहमी एक तलैयाट्टी ठेवायची. तपासणीला आलेल्या पोराला ती हलवू द्यायची आणि सांगायचं, ‘‘ही सारखी डोलते, म्हणून तिला आत जायला बंदी आहे. तू डोलणार नाहीस ना?’’ पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे लगेच पटतं. खरं कारण निराळं. बाहुलीच्या पोटात लोखंडी तार असते आणि आत दीड टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. तिथे बाहुली डोलणार नाही, उडेल. पण मुलाला सांगितलेलं कारणही खोटं नव्हतं. त्या बोगद्यातल्या वीस ते चाळीस मिनिटांत जो डोलला, त्याचं चित्र गेलं.

या बाहुलीचं नाव वैद्यकात एका दुखण्यालाही आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही मुलांचं वर्णन छापलं. त्यांची मान सेकंदाला दोन-तीनदा पुढे-मागे हलत राहायची, झोपेत थांबायची. त्यांनी नाव दिलं बॉबल-हेड डॉल सिंड्रोम. मेंदूच्या मधोमध पाण्याची एक अरुंद पोकळी असते, तिसरं निलय. तिथे पाण्याने भरलेली पिशवी किंवा गाठ वाढली, पोकळी फुगली, की काही मुलांमध्ये हे डोलणं सुरू होतं. फार दुर्मिळ आहे. उगाच मान हलवणाऱ्या प्रत्येक पोराला घेऊन कुणी धावू नये. मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आईवडिलांना ती ‘सवय’ वाटत होती आणि शेजारणीला दृष्ट.

पण दुसरी बाहुली, ती लवंडून उभी राहणारी, माझ्या कामात रोज भेटायची. म्हणजे तिच्या उलट वागणारी मुलं भेटायची. लवंडतात आणि सावरत नाहीत. मोठ्या माणसांत मेंदूच्या गाठी बहुधा वरच्या मोठ्या मेंदूत होतात. मुलांत त्या फार वेळा मागे, खाली, मानेच्या वरच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत होतात. तोल सांभाळण्याचं काम या लहान मेंदूचं. बाहुलीच्या बुडातलं वजनच म्हणा. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाची आजी मला म्हणाली होती, ‘‘पोरगं दारू प्याल्यावानी चालतंय, बाई.’’ त्याच्या फायलीत दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या होत्या. जंतांचं औषध, पित्ताचं औषध, मग चष्मा. आजीचं वाक्य त्यांतल्या एकाही चिठ्ठीवर नव्हतं. मी वाचलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा ते जास्त अचूक होतं.

इथे सरफोजीराजांकडे वळते, कारण ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं असतं.

सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. पुढच्याच वर्षी, १७९९ साली, ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला आणि राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे किल्ला, वाडा, तनखा आणि भरपूर वेळ उरला. लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेला हा मराठी राजा; त्याने तो वेळ पुस्तकं, छापखाना, संगीत आणि वैद्यक यांत घातला. १८०६ साली इथे इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं गेलं, ‘बालबोधमुक्तावली’ नावाने, देवनागरी खिळ्यांत. मराठी पोरांसाठी छापील पुस्तक पुण्यामुंबईच्या आधी तंजावूरला निघालं, हे मी पुण्यात दर वर्षी एकदा तरी कुणाला तरी ऐकवायची.

वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारे लोक तिथे एकत्र काम करत. औषधं बनवत, देत आणि परिणाम लिहीत. अनुभवाला उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. पण मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी. त्या आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार काय केला. आणि सोबत रंगवलेली डोळ्याची चित्रं. पांढरा पडलेला बुबुळाचा भाग, लालसर झालेली कड, सुजलेली पापणी. राजांनी स्वतः शस्त्र धरून मोतीबिंदू काढले, हे तंजावूरमध्ये सगळे अभिमानाने सांगतात. मला शस्त्रापेक्षा कुंचला मोठा वाटतो. डोळा जसा दिसला तसा रेखाटून ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाला तो पाहता येईल आणि बरा झाला की नाही, हे ताडून बघता येईल. क्ष-किरण विभागाचं काम याहून वेगळं नाही.

ग्रंथालयाच्या लहानशा संग्रहालयात आणखी एक गंमत आहे. शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं. माणसाचा चेहरा आणि घुबड, माणूस आणि मेंढा, माणूस आणि पोपट, शेजारी शेजारी. चेहऱ्याच्या ठेवणीवरून आतला स्वभाव ओळखता येतो, ही तेव्हाची समजूत. येणारे-जाणारे हसतात. मीही हसते, पण थोडं जपून. बाहेरून पाहून आतलं ओळखण्यात आमचीही हयात गेली.

सरफोजींच्या चित्रकाराला डोळ्याचा बाहेरचा भागच दिसत होता. डोळ्यातल्या बाहुलीच्या पलीकडे काळोख. डोळ्याच्या आतला पडदा बघायचं साधन, ऑप्थॅल्मोस्कोप, जर्मनीत हेल्महोल्ट्झने जगापुढे ठेवलं १८५१ साली, म्हणजे राजे वारल्यावर एकोणीस वर्षांनी. त्या साधनाने मेंदूचीही एक खिडकी उघडली. डोळ्यामागची नस थेट मेंदूतून येते आणि मेंदूभोवतीचं पाणी तिच्याभोवतीही असतं. कवटीत दाब वाढला की नसेचं टोक, ती फिकट गुलाबी टिकली, फुगते आणि तिच्या कडा पुसट होतात. बाहेरून डोळा स्वच्छ, सुंदर दिसतो. आतली टिकली मात्र कवटीतल्या दाबाची खबर देत असते.

आता हा दाब का वाढतो ते सांगते. मेंदूच्या आत दिवसभर पाणी तयार होतं आणि एका अरुंद वाटेने खाली उतरून बाहेर शोषलं जातं. लहान मेंदूतली गाठ नेमकी या वाटेच्या तोंडाशी बसते. पाणी तुंबतं. रात्रभर आडवं झोपल्यावर दाब आणखी चढतो, म्हणून मूल सकाळी डोकं धरून उठतं आणि ओकतं. ओकल्यावर त्याला हलकं वाटतं, दहा वाजता ते खेळायला जातं. घरच्यांना वाटतं, पित्त होतं, पडलं. या ‘बरं वाटण्याने’ जितके आठवडे खाल्ले तितके दुसऱ्या कशाने खाल्ले नसतील. त्यातच डोळा बाहेर वळवणारी बारीक नस दाबाखाली येते आणि डोळा आत वळतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. मूल मान वाकडी करून बघायला लागतं. तान्ह्या बाळात टाळू उघडी असते, त्यामुळे दाब वाढला तर डोकंच मोठं होत जातं आणि बुबुळं मावळत्या सूर्यासारखी खालच्या पापणीत बुडतात. हे ओळखायला चुंबक लागत नाही. शिंप्याची टेप पुरते.

मग एमआरआय.

आपलं शरीर बहुतांशी पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे इवलं चुंबक. मोठ्या चुंबकात शिरल्यावर ही इवली चुंबकं एका तालात भिरभिरू लागतात. त्यांना त्याच तालाची रेडिओलहर दिली की ती कलतात आणि सावरताना स्वतः बारीकशी लहर परत देतात. ती परतीची लहर म्हणजे चित्र. दीड टेस्लाच्या यंत्रात हा ताल सुमारे ६४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या थोडा खाली. किरणोत्सर्ग नाही. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात; ज्या मुलाला पुढची दहा वर्षं वारंवार तपासावं लागणार, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. लहरींवरून चित्र कसं उभं करायचं, हे लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांनी दाखवलं; त्यांना २००३ साली नोबेल मिळालं.

साध्या एमआरआयने गाठ कुठे आहे, केवढी आहे, पाणी किती तुंबलं आहे, हे कळतं. ती कशाची आहे, हे विचारायला लागलो तेव्हापासून ‘प्रगत एमआरआय’ हा शब्द आला. जाहिरातीत हा शब्द इतका वापरतात की लोकांना वाटतं, ते एखादं वेगळं, महागडं यंत्र आहे. बहुतेक वेळा यंत्र तेच असतं. प्रश्न वेगळा विचारलेला असतो.

पहिला प्रश्न: पाणी चालतंय कसं? याला डिफ्यूजन म्हणतात. १९८०च्या दशकाच्या मध्यावर देनी ल बिआं या फ्रेंच संशोधकाने त्याची चित्रं काढायला सुरुवात केली. मला हा प्रकार आमच्या मेलवीदीवरून समजावता येतो. राजवाड्याभोवतीच्या चार राजवीदींतून बृहदीश्वराचा रथ फिरतो. मधली कित्येक वर्षं बंद होता, २०१५ साली पुन्हा सुरू झाला. एरवी दुपारी मेलवीदीत माणूस या ओट्यावरून त्या ओट्यावर रमतगमत जातो. रथाच्या दिवशी त्याला चार बोटं सरकता येत नाही. मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांमधली आक्रमक गाठ म्हणजे रथाचा दिवस: पेशी इतक्या खेटून, की त्यांच्यामधल्या पाण्याला हलायला जागा नाही. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही संथ गाठ म्हणजे एरवीची दुपार: पेशी विरळ, पाणी मोकळं. पाण्याच्या या मोकळेपणाचा एक आकडा काढता येतो. ढोबळमानाने तो ०.९ च्या खाली असला तर पहिली, १.४ च्या वर असला तर दुसरी, आणि मधे कुठे तरी एपेंडिमोमा नावाची तिसरी. तपासणीला वेळ किती? दोनेक मिनिटं.

रथाच्या गर्दीतली आणखी एक गोष्ट लहानपणी लक्षात आली होती. गर्दीत आडवं जाता येत नाही, पण वीदीच्या दिशेने हळूहळू वाहत जाता येतं, कारण दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. मेंदूतल्या तंतूंच्या जुड्यांतही पाणी लांबीच्या दिशेने सहज जातं, आडवं जात नाही. प्रत्येक ठिकाणी पाणी कुठल्या दिशेने वाहतंय हे टिपलं की तंतूंचे रस्ते काढता येतात. याला ट्रॅक्टोग्राफी म्हणतात. हातपाय हलवणारी जुडी गाठीने नुसती बाजूला ढकलली आहे की पोखरली आहे, हे शल्यविशारदाला सुरी हातात घेण्याआधी कळतं. चित्र रंगीत येतं आणि दिसतं फार देखणं. त्या देखणेपणाला भुलू नये. गाठीभोवती सूज असली की यंत्र रस्ता नसलेला दाखवतं किंवा असलेला पुसतं. अनुभवी सर्जन ही चित्रं बघतो आणि तरीही शस्त्रक्रियेत नस विजेने चेतवून खात्री करून घेतो.

दुसरा प्रश्न: गाठीत रसायनं कुठली? याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात, आणि हा माझा आवडता भाग. तंजावूरला फणसाच्या लाकडाची वीणा करतात. कारागीर तार छेडतो, कान लावतो, मेणात बसवलेले पडदे केसभर सरकवतो. रेणूंचंही असंच आहे. हायड्रोजन सगळीकडे एकच, पण तो कुठल्या रेणूत बसला आहे यावरून त्याचा स्वर केसभर चढतो किंवा उतरतो. एका ठरावीक जागेतले स्वर वेगळे करून कागदावर मांडले की शिखरांची रांग दिसते. निरोगी चेतापेशींचं एक शिखर, एनएए, उंच असतं. गाठीत ते कोसळतं, आणि पेशींची आवरणं भराभर बनत असल्याची खूण असलेलं कोलीन चढतं. मेड्युलोब्लास्टोमात बरेचदा टॉरीनचं एक जादा शिखर डोकं काढतं. मोठ्या माणसाच्या गाठी वाचून तयार झालेला डॉक्टर इथे फसतो. मुलांच्या संथ, बऱ्या होणाऱ्या पायलोसायटिक गाठीतही कोलीन चढलेलं आणि लॅक्टेट दिसू शकतं, आणि त्याला वाटतं, ही घातकच. हाडाजवळ, रक्तस्रावाजवळ स्वर बिघडतात. वीणेशेजारी रस्ता खोदत असतील तर कारागीर काय ऐकणार?

तिसरा प्रश्न रक्ताचा: गाठीत ते किती खेळतंय? पूर्वी यासाठी शिरेतून गॅडोलिनियमचं, चित्र उजळवणारं औषध जोरात सोडावं लागायचं. तीन वर्षांच्या मुलाची बारीक शीर शोधता शोधता आई आणि नर्स दोघी रडकुंडीला यायच्या. आता मानेपाशी वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच लहरींनी चुंबकी शिक्का मारतात आणि शिक्का मारलेलं रक्त मेंदूत कुठे पोचलं ते टिपतात. सुई नाही. मुलांच्या बाबतीत मला हा सगळ्यात दयाळू शोध वाटतो.

हे तीन प्रश्न एकत्र विचारले की उत्तराची खात्री वाढते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला अँड्र्यू पीट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत: अनेक रुग्णालयांतून मुलांच्या गाठींची स्पेक्ट्रोस्कोपी, डिफ्यूजन, रक्तप्रवाह यांची माहिती एकत्र करायची आणि संगणकाला ती ओळखायला शिकवायचं. एका रुग्णालयात वर्षाला अशी मुलं मूठभर येतात, त्यामुळे माहिती एकत्र केल्याशिवाय गत्यंतर नाही.

खात्री वाढते असं मी म्हणते, कारण मी एकदा ती नसताना लिहिलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी काम करत होते तिथलं यंत्र जुनं, डिफ्यूजनची सोय नाही. मिरजेकडची सात वर्षांची मुलगी. लहान मेंदूच्या मधोमध ठोस गाठ, पाणी तुंबलेलं. मी मेड्युलोब्लास्टोमा लिहिलं; ‘बहुधा’ हा शब्दही घातला नाही, तरुण होते. घरच्यांनी कुणाला तरी त्याचा अर्थ विचारला. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यात आठ-दहा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत त्या घराने रेडिएशन, केमो, मुलीची वाढ खुंटणं, सगळं मनात भोगून घेतलं. रिपोर्ट आला पायलोसायटिक. गाठ पूर्ण निघाली होती, पुढे काहीच करायचं नव्हतं; अशी बहुतेक मुलं शस्त्रक्रियेनेच बरी होतात. वडील पेढे घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुमची चूक झाली हे फार बरं झालं.’’ मला तो पेढा गिळेना.

आज त्या मुलीचं डिफ्यूजन दोन मिनिटांत झालं असतं आणि मी निराळं लिहिलं असतं. तरीही शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा आणि जनुकांचा, हे मी तेव्हापासून विसरले नाही. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूच्या गाठी जनुकांवरून वेगळ्या केल्या आहेत. मेड्युलोब्लास्टोमाचे चार गट मानतात. डब्ल्यूएनटी गटाची मुलं नव्वद टक्क्यांहून जास्त वाचतात, तिसऱ्या गटाचं तसं नाही. गंमत अशी, की या गटांच्या बसायच्या जागाही ठरलेल्या असतात. डब्ल्यूएनटी बरेचदा लहान मेंदूच्या देठाकडे, एसएचएच बाजूच्या गोलार्धात, तिसरा-चौथा मधोमध. आणि चौथ्या गटाची गाठ गॅडोलिनियम दिलं तरी कित्येकदा उजळत नाही. चित्र जनुकांचा अंदाज सांगायला लागलं आहे. अंदाजच म्हणते, पन्नाशीनंतर ‘बहुधा’ लिहायला मी शिकले.

एका गाठीच्या बाबतीत मात्र चित्रच निकाल ठरत आलं आहे. मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, पसरलेली गाठ. श्वास, गिळणं, डोळे हलवणं, सगळं जिथून चालतं तिथे ती तंतूंमध्ये मुरलेली असते. काढता येत नाही. रेडिएशनने काही महिने बरे जातात. बहुतेक मुलं निदानानंतर साधारण वर्षभरही जगत नाहीत. लक्षणं नमुनेदार असतील तर तुकडा न काढता एमआरआयवरच निदान करतात. ते चित्र पडद्यावर उमटताना खोलीत कुणी बोलत नाही. तंत्रज्ञ मुलीही तोपर्यंत ते ओळखायला शिकलेल्या असतात. याबद्दल आणखी लिहावंसं वाटत नाही.

तंजावूरसारख्या, सांगलीसारख्या गावात आता दीड टेस्लाची यंत्रं आहेत. तीन टेस्ला नाही म्हणून कुणाचं निदान अडत नाही, हे मी ठासून सांगते. अडतं ते लहान मुलाला सुरक्षित झोपवणाऱ्या भूलतज्ज्ञापाशी, आणि त्याच्याही आधी, एमआरआय करा असं सांगणाऱ्या माणसापाशी. इंग्लंडात २०११ साली हेडस्मार्ट नावाची मोहीम काढली. आईवडील आणि गावातले डॉक्टर यांना लक्षणांची साधी यादी दिली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत जाणारा वेळ काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. नवं यंत्र एकही लागलं नाही.

म्हणून हे लिहून ठेवते. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ सकाळी ओकत असेल, डोकं दुखून जागं होत असेल, डोळा नव्याने तिरळा झाला असेल, मान वाकडी धरत असेल किंवा चालताना झोकांड्या खात असेल, तर डॉक्टरांना विचारा: याच्या डोळ्याच्या आतली नस पाहिली का? डोळ्यांचा कुठलाही डॉक्टर ती पाहू शकतो. बाळाच्या डोळ्यातली बाहुली फोटोत पांढरी चमकत असेल तर त्याच दिवशी जा. ती डोळ्यातल्या गाठीची खूण असू शकते, आणि क्वचित त्याच मुलाच्या मेंदूतही गाठ असते. एमआरआयला येताना करदोटा, पैंजण, ताईत, केसातली पिन घरी ठेवा. ताईत काढायला आजी तयार नसते. आम्ही तो तिच्याच मुठीत देऊन तिला दाराबाहेर बसवतो. भूल द्यायची असेल तर उपाशीपोटीचे तास डॉक्टर सांगतील ते काटेकोर पाळा, घोटभर दूधही नको. गाठ मेड्युलोब्लास्टोमासारखी दिसत असेल तर पाठीच्या कण्याचाही एमआरआय सांगतील. तो पैसे काढण्यासाठी नसतो. ती गाठ मेंदूतल्या पाण्यातून खाली कण्यात उतरू शकते. आणि शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा एमआरआय सांगतील, कारण नंतर जखमेची सूज आणि उरलेली गाठ यांत फरक करणं अवघड होतं.

आणखी एक. तीस वर्षांत माझ्याकडे पाठपुराव्याला आलेली कित्येक कुटुंबं जुना रिपोर्टचा कागद जपून आणायची आणि मूळ चित्रं टाकून आलेली असायची, किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा तिरका फोटो दाखवायची. रिपोर्ट म्हणजे माझं मत. मत चुकतं, वर सांगितलंच. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे आधीचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. सरफोजीराजांच्या रुग्णांची चित्रं दोनशे वर्षं टिकली, कारण कुणीतरी ती जपून ठेवली. प्रत्येक एमआरआयनंतर त्याची सीडी मागून घ्या, मिळत नसेल तर पेनड्राइव्हवर घ्या, वर मुलाचं नाव आणि तारीख लिहा, आणि पुढच्या वेळी येताना पहिल्या तपासणीपासूनची सगळी घेऊन या.